पायथन इन्स्टॉल करताय? या चुका टाळा

फर्स्ट इयरची पायथनची (ही प्रोग्रॅमिंगची भाषा) प्रॅक्टिकल्स सुरू झाली की लॅबमध्ये एकच रडगाणं, "मॅम पायथन चालत नाहीये". स्क्रीनवर काय आलं विचारलं तर "काहीतरी लाल लाल आलं". अरे मग ते वाच ना बाबा!

सगळ्यात कॉमन भानगड पाथची, म्हणजे प्रोग्रॅम कुठल्या फोल्डर्समध्ये शोधायचे ती विंडोजची यादी. विंडोजच्या नेहमीच्या इन्स्टॉलरमध्ये पहिल्याच खिडकीत खाली "अ‍ॅड पायथन डॉट ईएक्सई टू पाथ" असा चौकोन असतो, त्यावर आपणहून टिक करावी लागते, पण सगळे "इन्स्टॉल नाऊ" दाबून मोकळे. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) पायथन टाइप केलं की मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं, पोरांना वाटतं इन्स्टॉल झालंच नाही, म्हणून तिथूनही एकदा इन्स्टॉल. आता मशीनवर दोन पायथन, एकात नमपाय (आकडेमोडीचं तयार पॅकेज) आहे दुसऱ्यात नाही, आणि शोधत बसा. तोच इन्स्टॉलर परत चालवा, मॉडिफाय घ्या, पुढे अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सवाली टिक करा आणि कमांड प्रॉम्प्ट बंद करून नवीन उघडा, कारण उघडी खिडकी जुनाच पाथ धरून बसते. मी तर नुसतं पिप (पॅकेज इन्स्टॉल करायची कमांड) लिहूच देत नाही, "पीवाय हायफन-एम पिप इन्स्टॉल" असं पूर्ण लिहायला लावते, म्हणजे पॅकेज कुठल्या पायथनमध्ये गेलं हा वादच नको.

दुसरी माझी लाडकी चूक, फाइलचं नाव. एका मुलाने नंबर ओळखायचा गेम लिहिला आणि फाइलला नाव दिलं रँडम डॉट पीवाय. आत पहिली ओळ इम्पोर्ट रँडम. पायथन आधी त्याच फोल्डरमध्ये बघतं, त्याला पायथनसोबत येणाऱ्या खऱ्या रँडम मॉड्यूलऐवजी (तयार कोडची फाइल) याचीच फाइल सापडली, तिच्यात रँडिंट (आकडा निवडून देणारं फंक्शन) नाही म्हणून एरर. याने काय करावं? पायथन काढून परत टाकलं, मग व्हीएस कोड (कोड लिहायचा एडिटर) काढून टाकलं, मग सीनियरच्या सल्ल्याने लॅपटॉप फॉरमॅट मारला, आणि पेनड्राइव्हवरून तीच फाइल परत कॉपी केली. एरर हजर. नाव बदलल्यावर मिनिटभरात चाललं. हल्लीच्या व्हर्जनमध्ये तर एररच सांगते की फाइलचं नाव बदलून बघा, पण शेवटची ओळ वाचायला थांबतंय कोण! टर्टल, मॅथ, कॅलेंडर, ही नावंही नकोत, तीही पायथनचीच मॉड्यूल्स. मी फाइलला प्रॅक्टिकल नंबर देते, कंटाळवाणं आहे पण भांडण नाही.

बाकीच्या किरकोळ. नोटपॅडमध्ये सेव्ह केलेली फाइल डॉट पीवाय डॉट टीएक्सटी होते, विंडोजमध्ये फाइल एक्स्टेन्शन दाखवायचं सेटिंग चालू करा. पायथनच्या तीन बाणांच्या (>>>) प्रॉम्प्टवर पिप चालत नाही, आधी एक्झिट. व्हीएस कोडच्या टॅबवर गोल ठिपका असेल तर फाइल सेव्ह नाहीये, आउटपुट बदलत नाही म्हणून मला हाक मारू नका. प्रिंटला कंस नसलेला व्हिडिओ दिसला की बंद करा, ते पायथन २, त्याचा सपोर्ट १ जानेवारी २०२० लाच संपलाय.

"मॅम ऑनलाइन कंपायलरवर करू का?" पहिल्या दिवशी करा, पण फाइल हँडलिंगच्या प्रॅक्टिकलला तुमच्या फोल्डरमधली फाइल तिथून कशी उघडणार? आणि डाउनलोड घरूनच करून या, अख्खी बॅच एकदम लागली की लॅबचं नेट मान टाकतं.