कार्टूनसाठी चार वर्षांचं पोरगं लिहायचंय?

नवीन लिहिणारे बरेचजण कॅरेक्टर शीटवर (पात्राची माहिती लिहितात त्या कागदावर) 'गोड, खोडकर, वय ४ ते ६' एवढं टाकून मोकळे होतात. अहो चार आणि सहा म्हणजे दोन वेगळी माणसं आहेत!

१९८३ साली विमर आणि पर्नर या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केलेला. गोष्टीतला मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, मागं आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते, आता परत आल्यावर तो कुठं शोधेल? तीन वर्षांची पोरं बिनधास्त दुसरं कपाट दाखवतात, कारण आपल्याला जे माहितीये ते सगळ्यांनाच माहिती असतं असं त्यांना वाटतं. साधारण चारनंतर हे उलगडायला लागतं. यात तुमचा अख्खा एपिसोड आहे बघा. तीनचं पोरगं लपतं आणि आतनंच ओरडतं, "मी पलंगाखाली नाहीये!" सहाची ताई मात्र खोटं बोलून वर त्यालाच दम देते.

मी राहते सांगलीत, काम मुंबईच्या स्टुडिओचं. संध्याकाळी भाचीला घेऊन आमराईत जायचं आणि नुसतं ऐकायचं (रेकॉर्डिंग अजिबात नको, दुसऱ्यांची पोरं आहेत ती). "मम्मी, उद्या आपण भेळ खाल्लेली ना?", "मी चित्र करलं", असलं घरात बसून सुचत नाही. पण बोबडं लिहू नका प्लीज, र चा ल केला की झालं मूल असं नसतं, आणि डबिंगला बऱ्याचदा मोठी बाईच असते, तिनं ते अजून ताणलं की संपलंच.

दुसरं म्हणजे पोरगं विनोद करत नसतं, त्याचं सगळं सिरीयस चाललेलं असतं. मुलांची समज कशी वाढते ते अभ्यासणाऱ्या पियाजेचा ग्लासचा प्रयोग घ्या (तेवढंच पाणी उंच ग्लासात ओतलं की लहान पोरांना ते जास्त वाटतं), तो आपल्या रसवंतीवर नेऊन ठेवा. रस तेवढाच, पण दादाचा ग्लास उंच, म्हणून धाकटीचं भोकाड. काकानं तिचा रस उंच ग्लासात ओतला की ती खूश, आता दादा रडतोय कारण त्याला माहितीये की काहीच बदललं नाही तरी लाड तिचेच झाले. हे डायलॉगमध्ये समजावू नका, हात काय करतायत ते लिहा, स्टोरीबोर्डवाल्याला (सीन चित्रांत मांडतो त्याला) तेच लागतं.

स्टुडिओला सॅम्पल पाठवताना सात मिनिटांची गोष्ट, एकच हट्ट, बास. आणि शेवटी आजी मांडीवर घेऊन शहाणपण शिकवते तो सीन असेल तर पाठवायच्या आधीच उडवा.