मुद्दाम टोचून बोलणाऱ्यांशी वागताना या चुका टाळा

विकिपीडियासारख्या स्वयंसेवी प्रकल्पात मुद्दाम त्रास देणारा माणूस सहसा शिवी देत नाही. शिवी दिली की बंदी येते, हे त्याला पक्के ठाऊक असते. तो "आधी नियम वाचा" म्हणतो, बदलाच्या सारांशात, म्हणजे बदलासोबत लिहायच्या छोट्या टिपेत, "पुन्हा तेच" लिहितो, उत्तर मिळालेला प्रश्न पाचव्यांदा विचारतो. प्रत्येक वाक्य सुटे पाहिले तर निरुपद्रवी वाटते. त्रास साखळीत असतो आणि लोक नेमकी साखळीच दाखवत नाहीत.

सर्वांत महागात पडते ते तिथल्या तिथे उत्तर देणे. नवा सदस्य दोन तास खपून परिच्छेद लिहितो. समोरचा तो उलटवतो, म्हणजे बदल रद्द करतो; सारांशात "कचरा". नवखा परत आणतो, तो परत उलटवतो. इंग्रजी विकिपीडियावर एका पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवले तर बंदी येऊ शकते, आणि "माझे बरोबर होते" हा बचाव चालत नाही. मुरलेला माणूस मोजून तिसऱ्यावर थांबतो, पुढच्या वेळी त्याचा साथीदार उलटवतो आणि चौथे उलटवणे नवख्याच्या नावावर लागते. तोवर त्याने चिडून "तुमची अक्कल दिसली" असेही लिहिलेले असते. प्रचालक, म्हणजे बंदी घालण्याचा अधिकार असलेला सदस्य, येतो तेव्हा नियम मोडणारा एकच दिसतो.

म्हणून एकदाच उलटवा आणि लेखाच्या चर्चापानावर जा. उत्तर वेगळ्या फाइलमध्ये लिहा, मध्ये एक रात्र जाऊ द्या. सकाळी "तुम्ही"ने सुरू होणारी सगळी वाक्ये खोडा. कोणते वाक्य, कोणता संदर्भ, काय बदल हवा, एवढेच चार ओळींत उरले पाहिजे. एवढा धीर नसेल तर वादाच्या पानांपासून लांब राहिलेले बरे. लेख उद्याही तिथेच असतो.

दुसरी चूक म्हणजे विशेषणांनी भरलेली तक्रार. "हा फार उद्धट आहे" एवढ्यावर प्रचालक काहीच करू शकत नाही; तोही फावल्या वेळात काम करणारा स्वयंसेवकच. पाच ते आठ बदलांचे दुवे द्या, प्रत्येकापुढे तारीख आणि त्याचे शब्द जसेच्या तसे. नुसता स्क्रीनशॉट नको, त्यात मागचे-पुढचे कापलेले असते. पानाच्या इतिहासातला फरक कुणालाही तपासता येतो. तुमचा तोल सुटलेला बदलही तुम्हीच यादीत घाला. विकिपीडियावर बंदी शिक्षा म्हणून नव्हे, पुढचे नुकसान टाळण्यासाठी घालतात. त्यामुळे तीन वर्षांपूर्वीची वाक्ये उपयोगाची नाहीत, या महिन्यातली हवीत. शेवटी एकच नेमकी मागणी ठेवा: दोघांनी एकमेकांच्या चर्चापानावर लिहू नये, अशी.

मित्रांना बोलावून गर्दी करू नका, तक्रार तिथेच बुडते. त्रास देणाऱ्याची खरी ओळख शोधून जाहीर केलीत तर बंदी तुमच्यावर येईल. जिवाची धमकी आली तर चर्चा करत बसू नका, थेट विकिमीडिया फाउंडेशनच्या आपत्कालीन ईमेलवर कळवा.

प्रचालकांची लाडकी चूक: "कामाचा माणूस आहे, सांभाळून घ्या." त्याची हजारो संपादने मोजता येतात, त्याच्यामुळे निघून गेलेल्यांची न झालेली संपादने कुठेच दिसत नाहीत. लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे, जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी सप्टेंबर २०१८ मध्ये स्वतःच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली, काही काळ काम थांबवले, आणि त्याच महिन्यात प्रकल्पाने आचारसंहिता स्वीकारली. संस्थापकाला जमते तर जुन्या सदस्यालाही जमेल. त्याला ताकीद देताना नेमके वाक्य उद्धृत करा, पुन्हा घडल्यास किती दिवसांची बंदी ते लिहा, आणि घडले की तेवढीच घाला.