लग्नात केकऐवजी काय मांडावे: खानदेशातील यजमानांसाठी परवडणारे गोड पदार्थ

जळगाव-धुळ्याकडे आता स्वागत समारंभात, आणि पुष्कळदा साखरपुड्यातही, व्यासपीठावर मजल्यांचा केक मांडण्याची पद्धत रुळली आहे. त्याचा खर्च मात्र कशासाठी होतो, हे आधी पाहायला हवे. पाहुण्याला ६० ते ७० ग्रॅमचा तुकडा द्यायचा म्हटले तरी १०० माणसांना ६ ते ७ किलो केक लागतो. आपल्याकडच्या लग्नाला पाचशे-सातशे माणसे सहज जमतात, त्यामुळे ३-४ किलोचा केक दोन्हीकडच्या जवळच्या मंडळींतच संपतो. दर किलोवर असला तरी मजले, नक्षी, साखरेची फुले, बिनअंड्याची मागणी आणि पोहोचवण्याची मजुरी यांचे पैसे वेगळे लागतात. म्हणजे आपण पैसे मोजतो ते दोन मिनिटांच्या सुरी फिरवण्याचे, आणि पाहुण्यांच्या ताटातले गोड त्याशिवाय वेगळे करावेच लागते. काटकसर करायची असेल तर ताटातले गोडच थोडे देखणे करून त्यावर सुरी फिरवावी, म्हणजे दुसरा खर्च आपोआप गळून पडतो.

दुसरी अडचण उन्हाची. मजल्यांचा केक ही मुळात इंग्रजांकडची पद्धत. १८४० साली व्हिक्टोरिया राणीच्या लग्नात सुमारे ३०० पौंडांचा केक होता असे सांगतात, पण तिकडचा तो जुना केक सुक्या मेव्याचा, घट्ट आणि वरून साखरेचा कडक लेप दिलेला असे आणि बरेच दिवस टिकत असे. आपल्याकडे मिळतो तो मऊ आणि फेटलेल्या क्रीमचा. भुसावळ-जळगावचा पारा एप्रिल-मेमध्ये ४४ अंशांच्या आसपास जातो आणि लग्नाच्या बऱ्याच तिथी याच दिवसांत येतात. मांडवातल्या कूलरच्या वाऱ्यावर असा केक फार वेळ उभा राहत नाही. म्हणून पदार्थ निवडताना तो संध्याकाळपर्यंत उघड्यावर टिकेल का, हे चवीच्याही आधी विचारावे.

या कसोटीला सर्वांत चांगला उतरतो तो बुंदीचा लाडू, आणि त्याची रास रचली तर व्यासपीठावर केकची उणीव भासत नाही. रुखवतात लाडू, अनारसे, करंज्या सजवून मांडण्याची रीत आपल्याकडे पूर्वीपासून आहेच, त्यामुळे ही रास घरातल्या वडीलधाऱ्यांनाही परकी वाटत नाही. रचना अशी करावी: चौकोनी, काठ असलेल्या ताटात तळाला सात ओळींत सात-सात असे ४९ लाडू घट्ट बसवावेत. चार लाडवांच्या मधोमध जी खळगी तयार होते, तिच्यात वरच्या थराचा एक लाडू बसतो. त्यामुळे दुसरा थर आपोआप ३६ चा, तिसरा २५ चा आणि पुढे १६, ९, ४ व शेवटी १ असा होत जातो. एकूण १४० लाडू लागतात. प्रत्येक लाडू ४० ग्रॅमचा धरला तर माल ५ किलो ६०० ग्रॅम होतो. पायथा साधारण फूटभराचा आणि उंची जेमतेम वीतभर भरते, म्हणून ताट उंच चौरंगावर ठेवावे, नाहीतर मागच्या खुर्च्यांवरून काहीच दिसत नाही. ताटाला काठ नसेल तर खालची ओळ हळूहळू बाहेर सरकते आणि रास बसते, तेव्हा या बाबतीत तडजोड करू नये.

मालाचे प्रमाण: १ किलो बेसनाला सुमारे दीड किलो साखर धरावी आणि त्यातून ३ किलोच्या आसपास लाडू निघतात, म्हणजे वरील राशीला २ किलो बेसन पुरते. राशीसाठीचे लाडू पंगतीत वाढायच्या लाडवांपेक्षा थोडे घट्ट हवेत. पाक एकतारीचा ठेवला तर लाडू मऊ होतात आणि तळाचा थर वरच्या वजनाने दबतो. पाक एकतारीच्या थोडा पुढे नेण्यास आचाऱ्याला स्पष्ट सांगावे. लाडू आदल्या दिवशी वळून, पूर्ण गार करून मगच रचावेत. वधूवरांनी सुरी फिरवण्याऐवजी शिखरावरचा लाडू उचलून एकमेकांना भरवावा. छायाचित्रासाठी हे सोयीचे होते, आणि क्रीम गालाला फासण्याचा जो एक प्रकार अलीकडे बोकाळला आहे, त्यालाही आळा बसतो.

सुरी फिरवायचीच असा घरातल्या तरुण मंडळींचा आग्रह असेल, तर मोहनथाळ मजल्यांत रचता येतो. १२, ८ आणि ५ इंच व्यासाची, सरळ काठांची आणि २ इंच उंचीची तीन भांडी घ्यावीत. परात चालत नाही, कारण तिचे काठ पसरट असतात. भांड्याला तूप लावून तळाला व काठाला बटर पेपर बसवावा. १ किलो जाडसर बेसन, ७०० ग्रॅम तूप आणि १ किलो साखर या प्रमाणात पावणेतीन किलोच्या आसपास मोहनथाळ होतो. तीनही भांडी भरायला सुमारे सव्वासहा किलो लागतो, म्हणजे सव्वादोन किलो बेसन घ्यावे. बेसनाला थोडे दूध व तूप चोळून धाबा द्यावा, तासाभराने ते जाड चाळणीतून काढावे आणि मंद आचेवर बदामी होईपर्यंत भाजावे. पाक एकतारीच्या पुढे पण दोनतारीच्या आत ठेवावा: कमी झाला तर वडी भांड्यातून काढताना मोडते, आणि जास्त झाला तर सुरीखाली तिचा भुगा होतो, जो सगळ्यांच्या देखत होणे बरे नव्हे. रात्रभर थापून ठेवलेले थर सकाळी उपडे करून एकावर एक ठेवावेत आणि वर पिस्त्याचे काप व गुलाबाच्या पाकळ्या पसराव्यात. उन्हाळ्यात यात खवा घालू नये. खव्याने चव खुलते हे खरे, पण त्याविना हा पदार्थ आठवडाभर टिकतो आणि खर्चही कमी होतो. तुपाच्या जागी वनस्पती घालून मात्र पैसे वाचवू नयेत. त्यापेक्षा सर्वांत वरचा थर सोडून द्यावा. २५ ते ३० ग्रॅमच्या वड्या पाडल्या तर दोनशेच्या वर माणसांना एकेक वडी मिळते.

हे झाले व्यासपीठापुरते. मोठ्या पंगतीसाठी खानदेशात सर्वांत स्वस्त आणि तरीही आपलासा वाटणारा पदार्थ म्हणजे केळी घातलेला शिरा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि रावेर-यावलच्या पट्ट्यात तर केळीचे घड नात्यातल्याच शेतातून येतात. वरण-बट्टी व वांग्याच्या भाजीच्या जेवणात हा शिरा नीट बसतो. दरडोई १०० ग्रॅम धरून १०० माणसांसाठी २ किलो रवा, दीड किलो तूप, पावणेदोन किलो साखर, ५ लिटर दूध आणि २० पिकलेली केळी घ्यावीत. केळी कुस्करून तुपात रव्याबरोबर परतावीत, मग उकळते दूध घालावे आणि साखर रवा फुलल्यावरच घालावी, कारण आधी घातली तर रवा नीट फुलत नाही. केळी आधी सोलून ठेवू नयेत, ती काळी पडतात. याच कारणाने केळीचे फ्रूट कस्टर्ड मोठ्या समारंभात न ठेवलेलेच बरे, शिवाय ते बर्फावर ठेवावे लागते.

मेअखेरचे लग्न असेल तर आमरसाचा विचार करावा. त्या सुमारास गुजरातकडचा केशर आणि बाजारातला बदाम आंबा आवाक्यात येतो, तर एप्रिलच्या सुरुवातीला हाच बेत केकपेक्षा महाग पडू शकतो. १०० माणसांना १०० मिलिलिटरप्रमाणे १० लिटर रस लागतो आणि त्यासाठी १८ ते २० किलो आंबे धरावेत. रसात दूध घालू नये आणि भांडे बर्फाच्या परातीत ठेवावे, कारण उन्हात रस लवकर आंबतो.

रसाबरोबर खापरावरची पुरणपोळी हवी अशी इच्छा कोणाला होणार नाही? आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, जेवणाची ती शानच आहे, पण वस्त्रगाळ पीठ भिजवून पोळी हातांवर फिरवत मोठी करणे आणि उपड्या खापरावर टाकणे हे जाणकार बायांचे काम आहे, आणि एका चुलीवर एका वेळी एकच पोळी होते. माणसे शे-सव्वाशे असतील तर मांडवाच्या कडेला दोन-तीन चुली मांडाव्यात. पाहुणे ती करताना पाहायला उभे राहतात आणि सजावटीचा वेगळा खर्च लागत नाही. त्याहून मोठ्या लग्नात हा बेत घरच्या केळवणापुरता ठेवावा.

गुलाबजाम सगळ्यांना आवडतो, पण त्याचा भरवसा खव्यावर आहे आणि लग्नसराईत खव्यात पिठूळ भेसळ होण्याची शक्यता असते. ती घरी पाहता येते: चमचाभर खवा पाण्यात उकळून पूर्ण गार करावा आणि त्यात टिंक्चर आयोडिनचे दोन-तीन थेंब टाकावेत, पाणी निळे झाले तर त्यात स्टार्च आहे असे समजावे. खव्याचा माल लग्नाच्या दिवशीच आणावा. श्रीखंड, बासुंदी आणि रबडी यांना मांडवात बर्फ पुरवावा लागतो, तो खर्च धरला की त्यांचा स्वस्तपणा उरत नाही. हिवाळ्यातल्या लग्नात मात्र बासुंदीला हरकत नाही.

आचाऱ्याशी बोलताना दोन पद्धतींत फरक करावा. ताटावर दर ठरवला की गोडाचे प्रमाण त्याच्या हाती जाते. माल आपला आणि मजुरी त्याची असे ठरवले तर बेसन, साखर, तूप आपण ठोक बाजारातून आणू शकतो आणि तयार मालाचे वजनही करून घेऊ शकतो. गोडासाठी तरी दुसरी पद्धत किफायतशीर ठरते. मात्र कोठीघरावर घरातला एक माणूस बसवावा लागतो, आणि तो माणूस वरातीत नाचणारा नसावा. पाहुण्यांत जैन मंडळी असतील तर त्यांच्यासाठीचे ताट सूर्यास्तापूर्वी तयार ठेवावे. एकादशी किंवा चतुर्थी आली असेल तर उपवास असणाऱ्यांसाठी केळी व नारळाची वडी वेगळी काढावी.

इतके करूनही साखरपुड्याला केकच हवा असा हट्ट राहिला, तर अर्ध्या किलोचा साधा, बिननक्षीचा केक आणून तो लाडवांच्या राशीशेजारी ठेवावा. पुठ्ठ्याचे खोटे मजले करून वर एकच खरा थर ठेवण्याची युक्ती पुष्कळ ठिकाणी सुचवली जाते, पण त्या पुठ्ठ्यावरच्या नक्षीची मजुरी लागतेच, तेव्हा तिच्या नादी लागू नये. रास व मोहनथाळ समारंभ संपताच उतरवून छोट्या पुड्यांत बांधावेत आणि वऱ्हाड परत निघताना शिदोरीबरोबर द्यावेत. त्यासाठी पुड्यांचे खोके आदल्या दिवशीच आणून कोठीघरात ठेवावेत, कारण ऐन निघण्याच्या घाईत ते कोणालाच आठवत नाहीत.