रोपवाटिकेचा हंगाम: विषाणूचे कूळ ओळखून करावयाचे नियोजन

टोमॅटो, मिरची, पपई आणि वेलवर्गीय पिकांची रोपे टाकण्यापूर्वीचे दोन-तीन आठवडे विषाणूजन्य रोगांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे. एकदा झाड बाधित झाले की ते बरे करणारी फवारणी नाही. विषाणू म्हणजे जनुकीय द्रव्य आणि त्याभोवती प्रथिनांचे कवच, क्वचित त्यावर मेदाचा पापुद्रा. त्याला स्वतःची पेशी नसते. तो झाडाच्याच पेशीची यंत्रणा वापरून वाढतो, म्हणून बुरशीनाशक किंवा प्रतिजैविक त्याला लागू पडत नाही. त्यावर केलेला खर्च वाया जातो आणि त्या आठवड्यात रोग शेतभर पसरतो.

विषाणूंची मांडणी दोन प्रकारे होते. जनुकीय द्रव्य डीएनए की आरएनए, एकपदरी की दुपदरी आणि त्यापासून संदेशवाहक आरएनए कसा बनतो, यावरून अमेरिकी विषाणुशास्त्रज्ञ डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७१ मध्ये मांडलेली गटवारी ही एक. जाती, प्रजाती, कूळ अशी नात्यांची उतरंड ही दुसरी. ती आंतरराष्ट्रीय विषाणू वर्गीकरण समिती ठरवते. पुढे ‘कूळ’ हा शब्द सोयीसाठी प्रजातीलाही वापरला आहे. शेतकऱ्याने ही नावे पाठ करण्याची गरज नाही. मात्र आपल्या पिकावरचा विषाणू कोणत्या कुळातला, हे जरूर माहीत असावे. तो हाताने पसरतो की किडीने, कीटकनाशकाचा उपयोग होईल की नाही, बियाणे धुवावे की जाळी लावावी, हे सारे त्यावरूनच ठरते.

काठीच्या आकाराचे टोबॅमोव्हायरस. तंबाखू मोझॅक, टोमॅटो मोझॅक आणि टोमॅटो ब्राऊन रुगोज फ्रूट व्हायरस यांचे हे घराणे. तंबाखू मोझॅकचा कण सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि १८ नॅनोमीटर जाड असतो. सुमारे ६४०० घटकांच्या एकपदरी आरएनएभोवती प्रथिनाचे २१३० एकसारखे तुकडे मळसूत्रासारखे बसलेले असतात. ही बांधणी इतकी घट्ट असते, की अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ वेंडेल स्टॅन्ली यांनी १९३५ मध्ये या विषाणूचे स्फटिक केले आणि त्या स्फटिकांनीही रोग होत राहिला. सुकलेल्या पानात, तारेवर, ट्रेवर, कपड्यावर तो महिनोन्‌महिने टिकतो आणि हाताच्या स्पर्शाने, कात्रीने, बांधणीच्या सुतळीने पसरतो. पसरण्यासाठी त्याला किडीची गरज नसल्यामुळे येथे कीटकनाशकाने काही साधत नाही.

या कुळासाठी बियाण्याची प्रक्रिया सर्वांत महत्त्वाची, कारण विषाणू बीजावरणावर बसून येतो. एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम ट्रायसोडियम फॉस्फेट विरघळवून त्यात बी २० मिनिटे ठेवावे, वाहत्या पाण्यात नीट धुवावे आणि सावलीत सुकवावे. द्रावण राहिले तर उगवण घटते, म्हणून धुण्यात कसर नको. आधी थोड्या बियांवर प्रयोग करून उगवण पाहावी. रसायन किंवा जैविक घटक चोळलेल्या बियाण्यावरचा थर यात निघून जातो, हेही ध्यानात ठेवावे. ट्रे आणि अवजारे आधी घासून माती काढावी, मग ०.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवावीत. माती असेल तर क्लोरीन तिच्यातच खर्च होते. नुसत्या स्पिरिटवर भिस्त ठेवू नये, हे कवच त्याला दाद देत नाही. रोपे हाताळताना साय काढलेल्या दुधाच्या पावडरीचे द्रावण (लिटरला २०० ग्रॅम) जवळ ठेवून हात वरचेवर बुडवावेत; दुधातील प्रथिने संसर्ग रोखतात. रोपवाटिकेत तंबाखू आणि विडीला पूर्ण बंदी असावी. वाण ‘मोझॅक प्रतिकारक’ असला तरी ब्राऊन रुगोज विषाणू टोमॅटोतील टीएम-२ मालिकेच्या जनुकांना चकवतो, त्यामुळे ही स्वच्छता टाळता येत नाही.

जोडकणांचे बेगोमोव्हायरस. टोमॅटोचा पर्णगुच्छ, भेंडीचा केवडा, मिरचीचा चुरडा-मुरडा यांमागे हे असतात. दोन अपुरे गोलक एकमेकांना चिकटावेत असा कण, आत साधारण २७०० घटकांचे वर्तुळाकार एकपदरी डीएनए; काहींत अशी दोन वर्तुळे. वाहक पांढरी माशी. विषाणू माशीच्या आतड्यातून रक्तद्रवात आणि तेथून लाळग्रंथीत जातो. या प्रवासाला काही तास लागतात, पण नंतर ती माशी अनेक दिवस, बहुधा मरेपर्यंत रोग देत राहते. याच कारणामुळे येथे माशीचे नियंत्रण खरोखर उपयोगी ठरते, मात्र ते रोप लहान असल्यापासून हवे. रोपवाटिकेवर ५० मेशची (इंचाला ५० छिद्रांची) जाळी, दुहेरी दार आणि जाळीच्या कडा मातीत गाडलेल्या असाव्यात. एक फट राहिली तरी जाळी असून नसल्यासारखी. आत पिवळे चिकट सापळे रोपांच्या शेंड्याच्या उंचीवर लावून आठवड्यातून दोनदा पाहावेत. कीटकनाशक वापरताना क्रियाप्रकार (औषध किडीवर कसे काम करते ती पद्धत) बदलत राहावे, नाहीतर माशी लवकर दाद देईनाशी होते. टीवाय-१ हे पर्णगुच्छ-प्रतिकारक जनुक असलेल्या टोमॅटोच्या वाणात लक्षणे कमी दिसतात, पण विषाणू असतोच. अशा शेतातून शेजारच्या संवेदनशील वाणाला धोका राहतो.

लवचिक धाग्यांचे पॉटीव्हायरस (पपईचा वलयांकित ठिपका) आणि काकडी मोझॅक विषाणू. काकडी मोझॅकचा कण गोलसर असून त्याचा आरएनए तीन भागांत विभागलेला असतो. हे दोन्ही विषाणू मावा पसरवतो, तेही काही सेकंदांच्या टोचण्यात. विषाणू सोंडेच्या टोकाशी चिकटतो आणि लगेच उतरतो. कीटकनाशकाने मावा मरेपर्यंत काम झालेले असते, शिवाय काही औषधांनी तो बिथरून जास्त झाडे टोचतो. येथे लागवडीच्या तीन-चार आठवडे आधी शेताभोवती मक्याच्या किंवा ज्वारीच्या दोन-तीन दाट ओळी पेराव्यात. बाहेरून आलेला मावा आधी त्यांना टोचतो आणि सोंड स्वच्छ होते. चंदेरी आच्छादन आणि १ टक्का खनिज तेलाची फवारणी यांनीही भर पडते. तेल कडक उन्हात किंवा गंधकाबरोबर फवारू नये, पाने करपतात.

मेदाच्या आवरणाचे ऑर्थोटोस्पोव्हायरस फुलकिडे पसरवतात. विषाणू फक्त लहान अळी अवस्थेत किडीत शिरतो आणि प्रौढ झाल्यावर ती रोग देते. त्यामुळे ज्या तणांवर फुलकिडे पैदास करतात ती लागवडीपूर्वी काढावीत. निळे सापळे लावावेत. आवरण नाजूक असल्याने वाळलेल्या अवशेषात हा विषाणू फार काळ टिकत नाही.

मिरचीची पाने वर वळली म्हणजे विषाणूच, असे धरू नये. फुलकिड्यांच्या रसशोषणाने पाने वर वळतात, कोळी या सूक्ष्म किडीने खाली. कीड आवरली की नवी पालवी सरळ येते. शेजारून उडालेल्या २,४-डी तणनाशकानेही टोमॅटोची पाने दोरीसारखी होतात. शंका असेल तर कोवळ्या पानांचा नमुना तपासणीला द्यावा. कवचाची प्रथिने ओळखणारी पट्टी टोबॅमो आणि पॉटीसाठी चांगली. बेगोमोसाठी पीसीआर (जनुकीय द्रव्याच्या प्रती वाढवून ओळखणारी प्रयोगशाळेतील चाचणी) अधिक विश्वासार्ह, कारण हा विषाणू बहुधा रसवाहिन्यांपुरता आणि थोड्या प्रमाणात असतो. आरएनए लवकर विघटित होतो, म्हणून नमुना थंड ठेवून त्याच दिवशी पोहोचवावा.

बाधित झाड उपटण्याची रीतही कुळानुसार बदलते. बेगोमो असेल तर आधी माशीचे नियंत्रण करावे, झाड पिशवीने झाकूनच उपटावे, नाहीतर उडालेली माशी शेजारच्या झाडावर बसते. टोबॅमो असेल तर झाड पिशवीत घालून ओळीतील दोन्ही बाजूंची लगतची झाडेही काढावीत. हे काम दिवसाच्या शेवटी करावे आणि हात, कात्री धुतल्याशिवाय निरोगी भागात जाऊ नये.