विश्वासात वाढताना : पूर आल्यावर आणि ऊसबिल आल्यावर होणाऱ्या चुका

कोल्हापुरात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की आपल्या ख्रिस्ती घराघरांत प्रार्थनेला गुडघे टेकले जातात. ऊसबिल, म्हणजे कारखान्याकडून उसाचे पैसे, खात्यावर जमा झालं की प्रार्थना सभेत मोजकीच माणसं उरतात. विश्वास संकटात डळमळतो असं आपण म्हणतो, पण बहुतेकदा तो आधीच्या बऱ्या दिवसांतच ढिला पडलेला असतो. पुरात ते फक्त दिसून येतं.

म्हणून आधी सुखातली चूक. लावणीच्या उसाला शेतकरी जिवापाड जपतो, पण खोडवा (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून येणारं पुढचं पीक) आपोआप फुटतो म्हणून त्याकडं काणाडोळा होतो. नांग्या (रोप न फुटलेल्या रिकाम्या जागा) भरायच्या राहतात, खत उशिरा पडतं आणि उतारा घटतो. बाप्तिस्मा झाला, घरात आजोबांपासून विश्वास आहे, आता तो फुटत राहीलच, हा समज अगदी तसाच. येशूनं सांगितलेल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यात (बायबल, मार्क ४) खडकाळ जमिनीवरचं रोप उन्हानं करपतं. काट्यांतलं मात्र प्रपंचाची चिंता आणि द्रव्याचा मोह यांनी गुदमरतं. ते वाळत नाही, फक्त फळ देत नाही. म्हणूनच हा धोका लवकर लक्षात येत नाही, आणि आमच्या मते तोच मोठा आहे.

उपाय साधा आहे. रोजची वीस मिनिटं ठरवा, शक्यतो मोबाईल हातात घेण्याआधी. मार्कचं शुभवर्तमान १६ अध्यायांचं आहे. रोज एक वाचला तर सोळा दिवसांत पुरं होतं. एका वहीत विनंती आणि तारीख लिहा, उत्तर मिळालं की समोर तीही तारीख टाका. लूक १७ मध्ये दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले, उपकार मानायला परत आला तो एकच. ही वही त्या विसराळूपणावरचा इलाज आहे, आणि वाईट दिवसांत तीच वाचायला मिळते. पैसे आले की दान आधी बाजूला काढा. उरलं तर देऊ म्हटलं की काही उरत नाही.

आता कठीण काळ. इथं लोक दोन टोकं गाठतात : सगळं सोडून देतात, नाहीतर उपास आणि जागरणं वाढवून आधीच थकलेलं शरीर मोडतात. एलीया संदेष्टा मरण मागत झाडाखाली पडला, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. झोप, भाकर, पाणी, आणि पुन्हा तेच (१ राजे १९). दवाखान्यात रात्र काढणाऱ्यानं वीस मिनिटांचा आग्रह धरू नये, बायबलमधलं एक स्तोत्र पुरे. तेरावं स्तोत्र घ्या. सहाच वचनं आहेत, आणि पहिल्या दोन वचनांतच ‘कोठवर’ असा चार वेळा आक्रोश आहे. ते मोठ्यानं वाचा. ‘प्रभूची कृपा आहे’ म्हणत हसून वेळ मारून नेऊ नका. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

प्रार्थना झाली म्हणून गोळ्या बंद करणं ही गंभीर चूक आहे. मिरजेत १८९४ साली मिशनचा दवाखाना सुरू झाला, तो औषध आणि प्रार्थना यांत वैर नाही हे जाणणाऱ्यांनीच उभारला. झोप उडाली, जगणं नको वाटू लागलं, तर पाळकांबरोबर डॉक्टरांकडेही त्याच दिवशी जा.

‘बरं केलंस तर इतकं देईन’ हा सौदा झाला, तो टाळा.

दुसऱ्याच्या दुःखात जाताना बायबलमधल्या दुःखी ईयोबाच्या मित्रांकडून शिका. सात दिवस, सात रात्री ते गप्प बसले तोवर ठीक होतं, कारणं सांगू लागले तिथं बिघडलं. ‘काहीतरी पाप घडलं असेल’ हे वाक्य आजाऱ्याच्या घरात नको. योहान ९ मध्ये येशूनं जन्मांध माणसाबद्दल तेच नाकारलं. डबा न्या. पूर ओसरल्यावर खराटा आणि फावडं घेऊन जा, चिखल काढा, मग दोन मिनिटं प्रार्थना करा.

आणि स्वतः आजारी असाल तर मंडळीतून कुणी आलं नाही म्हणून रुसून बसू नका. याकोब ५:१४ सांगतं की आजाऱ्यानं मंडळीच्या वडिलांना, म्हणजे मंडळीतल्या जबाबदार वडीलधाऱ्यांना, बोलावावं. फोन तुम्हीच करायचा आहे.