दिवाळीत मांजर लपणारच, त्याची तयारी

दिवाळीच्या याद्या घरोघरी निघतात. चकलीची भाजणी, किल्ल्याची माती, आकाशकंदिलाची वायर, पाहुण्यांच्या गाद्या. घरात मांजर असेल तर आणखी एक यादी लागते आणि ती वसुबारसेच्या आठवडाभर आधी हातात घ्यावी. लक्ष्मीपूजनाला फटाक्यांची पहिली लांबलचक माळ लागली की मांजर घरात कुठेतरी दिसेनासं होतं. त्याला लपू द्यायचंच आहे. फक्त रात्री अकरा वाजता कोणी "मनी कुठाय गं?" म्हणून विचारलं, तर दोन-तीन जागा बघून उत्तर देता आलं पाहिजे. त्या वेळी सगळं घर उचकायला लागणं म्हणजे आधीचं काम राहून गेलेलं असणं.

हे काम फरशीवर बसून सुरू होतं, शब्दशः. उभ्याने पाहिलं तर घरात फटी दिसतच नाहीत. मांजराचं गळ्याचं हाड आपल्यासारखं खांद्याला पक्कं जोडलेलं नसतं, ते स्नायूंमध्ये मोकळं असतं, त्यामुळे डोकं आत गेलं की मागचं सगळं अंग सहज जातं. तुमची मूठ जिथून जाते तिथून बहुतेक मोठी मांजरं जातात; पिल्लाला त्याच्या निम्मी जागाही चालते. हा मूठ-हिशेब डोक्यात ठेवून बॅटरी घेऊन एकेका खोलीत बसा.

स्वयंपाकघराला सगळ्यात जास्त वेळ द्या. ट्रॉल्यांच्या खाली जी पट्टी असते ती बऱ्याच घरांत नुसती अडकवलेली असते, आणि साफसफाईत एकदा काढली की नीट बसत नाही. तिच्या मागे ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग पोकळी असते. ट्रॉली पूर्ण बाहेर ओढून मागे हात घाला, भिंत आणि ट्रॉलीमध्ये केवढी जागा आहे ते कळेल. मांजर त्या जागेत असताना कोणी घाईत ट्रॉली आत ढकलली तर त्याचा पाय किंवा शेपूट चेंगरते. सिंकखालचा पाइप भिंतीत जिथे शिरतो ते भोक, सिलिंडरच्या कप्प्यात नळी येण्यासाठी पाडलेलं भोक, फ्रिजच्या मागची उबदार जागा, हे सगळं पाहून घ्या. भोकांना पत्रा किंवा प्लायचा तुकडा लावायला सुताराला अर्धा तास पुरतो, पण दिवाळीच्या आठवड्यात सुतार मिळत नाही, म्हणून आधी सांगायचं. वॉशिंग मशीनचं दार कायम बंद ठेवा आणि बटण दाबण्याआधी ड्रममध्ये हात फिरवून बघा. ही सवय वर्षभराची हवी.

हॉलमधला सोफा उलटा करा. खालचं काळं कापड कुठे उसवलेलं असेल तर मांजर आत, थेट स्प्रिंगांमध्ये, जाऊन बसतं आणि बाहेरून बघणाऱ्याला सोफ्याखाली काहीच दिसत नाही. सुई-दोऱ्याने शिवून टाका. रिक्लायनर असेल तर मांजर कुठे आहे हे कळल्याशिवाय तो उघडायचा-मिटायचा नाही, आणि हे आलेल्या पाहुण्यांनाही सांगायचं. बेडरूममध्ये दिवाणाच्या किंवा बॉक्स-बेडच्या पोटात पाहुण्यांच्या गाद्या असतात. त्या काढायला झाकण उघडलं की मांजर हमखास आत डोकावतं, आणि झाकण बंद करणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. कपाटात साड्यांच्या मागे, ड्रॉवरच्या मागे, उघड्या बॅगेत, गोधड्यांच्या चळतीत, अशीच कथा. माळ्याचं वेगळं सांगायला हवं. सफाईसाठी शिडी लावलेली असते, आपण चहाला खाली उतरतो, आणि तेवढ्यात मांजर वर पोचलेलं असतं. शिडी काम झाल्याबरोबर आडवी करा.

बाथरूमच्या खिडकीच्या काचपट्ट्या आणि त्यामागची डक्ट ही मात्र लपण्याची जागा नव्हे, पडण्याची जागा आहे. तिथे जाळी बसलीच पाहिजे. डासांची नायलॉनची जाळी घाबरलेल्या मांजराच्या नखांपुढे टिकत नाही, लोखंडी किंवा स्टीलची बसवा. गॅलरीचंही तेच.

आता बंद काय करायचं आणि उघडं काय ठेवायचं? बरेचजण उत्साहाच्या भरात सगळंच बंद करतात. मग घाबरलेलं मांजर नवीन भोक शोधतं, आणि ते आपल्याला ठाऊक नसतं. म्हणून धोक्याच्या जागा बंद करायच्या आणि दोन चांगल्या जागा मुद्दाम तयार करून द्यायच्या. खोक्याला हसू नका. नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात नव्या आलेल्या मांजरांवर केलेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला; लपायला खोका मिळालेली मांजरं खोका न मिळालेल्यांपेक्षा लवकर सावरली. घरासाठी साधा पुठ्ठ्याचा खोका पुरतो. बाजूला मांजराच्या अंगाएवढं दार कापा, दुसऱ्या बाजूला आणखी एक, म्हणजे कोपऱ्यात सापडल्यासारखं होत नाही. आत तुमची वापरलेली, न धुतलेली चादर घाला, वरून गोधडी टाका. खोली रस्त्यापासून सगळ्यात आतली निवडा. दुसरी जागा कपाटाचा खालचा कप्पा, दार हातभर उघडं ठेवून. त्या कपाटात डांबराच्या गोळ्या असतील तर त्या काढून खोली आधी हवेशीर करा. मांजरासाठी त्या विषारी आहेत. हे सगळं आयत्या दिवशी मांडून उपयोग नाही. आठवडाभर आधीपासून रोजचं खाणं त्याच खोक्याच्या तोंडाशी द्या.

हाताशी ठेवायच्या वस्तू थोड्याच आहेत. चांगली बॅटरी. खाण्याचा डबा, ज्याच्या खुळखुळण्याने मांजर एरवी धावत येतं. सुकटीची किंवा बोंबलाची छोटीशी पुडी, घट्ट बंद डब्यात. खारवलेली सुकी मासळी पोटभर घालायची नसते, वासापुरती. जाड टॉवेल. पिंजरा किंवा कॅरियर, पण माळ्यावरून खाली काढून, दार उघडं ठेवून खोलीत आधीच ठेवलेला, नाहीतर तो दिसताच मांजर आणखी आत जाईल. मांजराचे दोन्ही कुशींचे, चेहऱ्याचे आणि शेपटीचे स्पष्ट फोटो फोनमध्ये. जनावरांचे डॉक्टर दिवाळीत कोणत्या दिवशी दवाखाना बंद ठेवणार आणि तेव्हा कोणाला फोन करायचा, हे विचारून कागदावर लिहून फ्रिजवर लावा. मांजर दरवर्षी फारच घाबरत असेल तर औषधाचं त्यांच्याशीच आधी बोला. माणसांची झोपेची किंवा तापाची गोळी अजिबात द्यायची नाही. पॅरासिटामॉलने मांजर दगावतं.

गळ्यातल्या घुंगराबद्दल लोकांचा फार विश्वास असतो. घाबरलेलं मांजर हलतच नाही, तर घुंगरू वाजणार कसं? मायक्रोचिपबद्दलही असाच गैरसमज आहे. कातडीखालच्या त्या चिपमध्ये १५ अंकी क्रमांक असतो, तो जवळ यंत्र धरून वाचावा लागतो. मांजर कुठे आहे हे ती सांगत नाही. बाहेर कोणाला सापडलं तर ते तुमचं आहे हे मात्र त्यावरून कळतं, तेव्हा बसवून घ्यायला हरकत नाही.

खरी कसोटी दाराची. फराळाची ताटं येतात-जातात, मुलं फुलबाज्या घेऊन आत-बाहेर करतात, आणि लक्ष्मीपूजनाला तर दार उघडं ठेवायची रीतच आहे. मधला मार्ग सोपा आहे. मुख्य दार उघडं, जाळीचं दार बंद, आणि त्याची कडी घरातल्या एकाच माणसाच्या ताब्यात. लक्ष्मी जाळीतून येते, आजवर कोणाची अडल्याचं ऐकिवात नाही. आजी-आजोबा त्या कामाला उत्तम, कारण ते दारापाशीच बसलेले असतात आणि येणाऱ्याला थांबवून चौकशी करायला त्यांना आवडतं.

त्या दिवशी संध्याकाळी पाच-साडेपाचला मांजराला खायला द्या, लिटरचा ट्रे (त्याच्या शी-शूचा) साफ करा आणि सहाच्या आत त्याला आतल्या खोलीत नेऊन दार लावा. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा चालू, जमल्यास टीव्ही किंवा रेडिओ हलक्या आवाजात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीच्या फटाक्यांना रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली होती. तुमच्या गल्लीतली वेळ तुम्हाला ठाऊक आहेच. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, मांजराला ६०,००० च्याही पुढचे, तेव्हा आपल्याला "आता जरा कमी झालं" वाटतं तेव्हा त्याला तसं वाटत असेलच असं नाही. नरक चतुर्दशीची पहाट लोक विसरतात. अभ्यंगस्नानाच्या गडबडीत सगळे पाचला उठलेले, दारं उघडी, आणि पहिला बाँब तेव्हाच वाजतो. म्हणून आदल्या रात्री झोपतानाच मांजर आतल्या खोलीत असू द्या.

इतकं करूनही कधी दार उघडं राहतं आणि मांजर दिसत नाही. शोधायला सुरुवात करण्याआधी बाहेरची दारं-खिडक्या लावा, टीव्ही बंद करा आणि लहान मुलांना एका जागी बसवा. मोठमोठ्याने हाका मारत चारजण चार दिशांना गेले की मांजर होतं तिथून आणखी आत सरकतं. एकाने शोधावं. आज कोणी काय उघडलं होतं हे आधी सगळ्यांना विचारा: दिवाण, कपाट, बॅग, माळा. बंद झालेल्या वस्तू पहिल्या, कारण तिथून त्याला स्वतःला बाहेर येता येत नाही. मग एकेक खोली, आणि बघून झालेल्या खोलीचं दार लावत पुढे. बॅटरी स्वतःच्या डोळ्यांच्या रेषेत, गालापाशी धरा. मांजराच्या डोळ्यात मागे प्रकाश परतवणारा पडदा असतो, त्यामुळे काळोखात दोन हिरवट-पिवळे ठिपके चमकतात; काळं मांजर तर फक्त असंच सापडतं. डोकं शिरत नाही अशा फटीत फोन घालून व्हिडिओ घ्या. वर बघायला विसरू नका, पेल्मेट, कपाटाचा माथा, फॉल्स सीलिंगचं झाकण. ते ओरडून उत्तर देईल या आशेवर राहू नका. भेदरलेलं मांजर मालकाच्या हाकेलाही गप्प बसतं, आणि त्यात तुमच्यावरचा राग वगैरे काही नसतो.

तरीही नाहीच सापडलं, तर संशय असलेल्या जागांसमोर रात्री फरशीवर कणकेचा पातळ थर पसरून ठेवा, खाण्याची वाटी मधोमध. सकाळी पावलं कुठून आली ते दिसतं. रांगोळी किंवा अंगाला लावायची पावडर यासाठी वापरू नका, ती पायाला लागून चाटण्यात जाते. जुना फोन रेकॉर्डिंगवर लावून ठेवला तरी चालतो.

सापडलं की बहुतेकांचा हात लगेच आत जातो. थांबा. ते सुखरूप आहे, जागा धोक्याची नाही, एवढं कळलं की काम झालं. केरसुणीने ढोसायचं नाही, पाय धरून ओढायचं नाही. ओरबाडे तर निघतातच, आणि पुढच्या वेळी ते याहून अवघड जागा धरतं. पाण्याची वाटी आणि ट्रे जवळ सरकवा, दिवे मंद करा, जरा दूर बसून नेहमीच्या आवाजात कुणाशी तरी बोलत राहा. घर निजलं की बहुतेक मांजरं मध्यरात्रीनंतर आपणहून येतात. अडकलं असेल तर गोष्ट वेगळी. ट्रॉलीमागे किंवा सोफ्यात धडपड ऐकू येत असेल, तर ट्रॉल्या एकेक करून सावकाश पूर्ण काढा किंवा सोफ्याचं कापड कापा. सोफा पुन्हा शिवता येतो.

किती थांबायचं याला मात्र मर्यादा आहे. पूर्ण एक दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. मांजर, विशेषतः अंगाने भरलेलं, काही दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतावर चरबी साचून जिवावर बेतू शकतं. बोका ट्रेमध्ये पुन्हापुन्हा बसतोय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही, त्याच रात्री दवाखाना गाठायचा. तोंड उघडं टाकून धापा टाकत असेल तरीही तेच.

घरात नाही अशी खात्री झाल्यावरच बाहेर पडा, आणि फार लांब जाऊ नका. हरवलेल्या १,२१० मांजरांचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात सापडलेल्या मांजरांपैकी निम्मी सुटल्या जागेपासून सुमारे ५० मीटरच्या आत होती. म्हणजे तुमचाच जिना, मीटरची खोली, डक्टचा तळ, पार्किंगमधल्या गाड्यांखाली, गच्चीवरच्या टाकीमागे. शेजाऱ्यांना सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारायला सांगा. रात्री एकनंतर, फटाके थांबल्यावर, तीच बॅटरी आणि तोच डबा घेऊन खाली उतरा.

भाऊबीज झाली म्हणून खोका उचलू नका. उरलेले फटाके तुळशीच्या लग्नापर्यंत वाजत राहतात, आणि लग्नसराईच्या वराती त्याच सुमाराला सुरू होतात. आतली चादरही तोवर धुवायला टाकायची नाही.