एएफएलमधले मॅनेजर, करार आणि ऑक्टोबरचा गोंधळ: बातम्या कशा वाचायच्या

एएफएल म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग, इथल्या ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलची सगळ्यात मोठी लीग. मेलबर्नला नवीन आलेल्या आपल्या लोकांना ऑक्टोबरमध्ये हमखास एक कोडं पडतं. सप्टेंबरअखेरीस एमसीजीवर ग्रँड फायनल झाली, सीझन संपला, आता तरी ऑफिसात दुसरा विषय निघेल असं वाटतं, पण नाही, उलट लोक जास्तच पेटतात, कोण कुठल्या क्लबला चाललाय, कोणाचा मॅनेजर काय बोलला, कोणाला कुठला पिक, म्हणजे नवी पोरं उचलायचा नंबर, मिळाला. मी पहिली दोन वर्षं नुसती मान हलवायचो. मग हळूहळू डोक्यात प्रकाश पडला, तोच इथे लिहून ठेवतोय.

आधी शब्द सरळ करून घेऊ. खेळाडूच्या एजंटला इथे प्लेअर मॅनेजर किंवा नुसतं मॅनेजर म्हणतात. क्लबचा जो माणूस संघात कोण ठेवायचा, कोण काढायचा आणि कोणाला किती द्यायचे ते बघतो तो लिस्ट मॅनेजर. दोघंही मॅनेजरच, पण टेबलाच्या दोन बाजूंना बसलेले, आणि बातमी वाचताना पहिली चूक इथेच होते.

दुसरं म्हणजे आयपीएल डोक्यातून काढा. इथे लिलाव नसतो. अठरा वर्षांची पोरं नोव्हेंबरमध्ये ड्राफ्टला बसतात, साधारणपणे तळाचा क्लब पहिला उचलतो, आणि ज्याने उचललं त्याच्याकडे जायचं. पर्थचं पोरगं सिडनीला, ॲडलेडचं ब्रिस्बेनला, तक्रार नाही. पहिल्या कराराचा पगारही खेळाडू संघटनेने लीगशी आधीच ठरवलेला असतो, त्यामुळे तिथे मॅनेजरला घासाघीस करायला फारशी जागाच नाही. त्याचं खरं काम तो करार संपत आला की सुरू होतं.

म्हणून कुठलीही बातमी वाचताना रक्कम बघू नका, आधी साल बघा. करार कुठल्या वर्षी संपतो? करार चालू असताना क्लब खेळाडूला त्याच्या होकाराशिवाय दुसरीकडे पाठवू शकत नाही, हे अमेरिकेतल्या लीगपेक्षा एकदम वेगळं आहे, आणि करार संपला की तर काय, बरेचसे पत्ते खेळाडूच्याच हातात. त्यामुळे शहाणा मॅनेजर दोन गोष्टींवर खेळतो, एक म्हणजे करार किती वर्षांचा करायचा आणि दुसरं म्हणजे तो नेमका कुठल्या साली संपवायचा.

तो साल निवडायचं कारण आहे फ्री एजन्सी, म्हणजे करार संपल्यावर खेळाडूने स्वतःच क्लब बदलायची सोय. ही २०१२ मध्ये आली. एका क्लबमध्ये आठ वर्षं झाली आणि तुम्ही त्या क्लबच्या सगळ्यात जास्त पगारवाल्या पाव हिश्शात असाल तर तुम्ही रिस्ट्रिक्टेड, म्हणजे बाहेरची ऑफर घ्या, पण जुन्या क्लबने तीच ऑफर मॅच केली, म्हणजे तेवढंच द्यायची तयारी दाखवली, की तुम्हाला नुसतं निघून जाता येत नाही. त्या पाव हिश्शात नसाल तर आठ वर्षांनी मोकळे, आणि दहा वर्षं झाली की बहुतेक करून सगळेच मोकळे. आता बघा, आठवं वर्ष संपतानाच करार संपावा अशी सोय मॅनेजर चार-पाच वर्षं आधी करून ठेवतो, आणि पेपरवाले म्हणतात 'अमक्याने फक्त दोनच वर्षांचा करार केला, क्लबवर नाराज दिसतो'. नाराज कसला, कॅलेंडर बघून सही केलीये.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण लान्स फ्रँकलिनचं, ज्याला सगळे बडी म्हणतात. २०१३ ला हॉथॉर्नबरोबर प्रीमियरशिप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला आणि लगेच सिडनी स्वान्सला गेला, नऊ वर्षं, साधारण एक कोटी डॉलर. लोकांनी तेव्हा वेड्यात काढलं, सव्वीस-सत्तावीसच्या माणसाला नऊ वर्षं कोण देतं! पण मजा नऊ या आकड्यातच आहे, कारण हॉथॉर्नला मॅच करायचं तर नऊची नऊ वर्षं मॅच करावी लागणार होती, आणि त्यांनी हात वर केले. शेवटी बडीने तो करार पूर्ण केला, २०२२ मध्ये हजारावा गोल मारला, तेव्हा प्रेक्षक मैदानात घुसले होते, आणि वर अजून एक सीझन खेळला. दोन वर्षांनी पॅट्रिक डेंजरफील्ड ॲडलेड सोडून जीलाँगला निघाला तेव्हा मात्र ॲडलेडने मॅच करायची तयारी दाखवली आणि जीलाँगला ट्रेडच, म्हणजे बदल्यात काहीतरी देऊन सौदा, करावा लागला.

खेळाडू गेला की जुन्या क्लबला लीग भरपाई म्हणून ड्राफ्टचा पिक देते, त्याचं सूत्र लीग उघड करत नाही. २०१४ मध्ये जेम्स फ्रॉली मेलबर्न सोडून हॉथॉर्नला गेला तर मेलबर्नला तिसरा पिक मिळाला! चांगला बॅकमन, म्हणजे बचावातला खेळाडू, होता, नाही असं नाही, पण तिसरा पिक? अजून लोक यावर भांडतात.

ज्यांचे आठ वर्षं झालेले नाहीत त्यांचं काय? करार संपला तर दोन रस्ते. दोन्ही क्लबांचं जुळलं तर ट्रेड, नाहीतर परत ड्राफ्टमध्ये नाव टाकायचं. दुसरा रस्ता म्हणजे धमकी असते, बहुतेक वेळा तिच्या जोरावरच ट्रेड होतो, पण कधी कधी खरंच चालून जातात. २००९ ला ल्यूक बॉलचा सेंट किल्डाकडून कॉलिंगवूडला ट्रेड फिसकटला, तो ड्राफ्टला गेला, कॉलिंगवूडने त्याला तिसाव्या नंबरला उचलला आणि पुढच्याच वर्षी त्याने बरोबरीत सुटलेल्या फायनलच्या रिप्लेमध्ये सेंट किल्डालाच हरवलं. एकदा खेळून झालेल्या खेळाडूला ड्राफ्टला नाव देताना आपली किंमत लिहून देता येते, म्हणजे मधल्या क्लबांना झेपणार नाही असा आकडा पहिल्या वर्षाला टाकायचा. जॅक मार्टिन २०१९ ला गोल्ड कोस्टकडून कार्लटनला असाच गेला.

आता पैसा. प्रत्येक क्लबवर सॅलरी कॅप, म्हणजे खेळाडूंच्या एकूण पगारावर मर्यादा, आहे, १९८७ पासून, सध्या वर्षाला दीड कोटी डॉलरच्या वर, आणि त्यात चाळीसेक खेळाडू बसवायचे. २०२३ ला झालेल्या पाच वर्षांच्या करारात, ज्यात पहिल्यांदाच पुरुष आणि महिला दोन्ही लीग एकत्र धरल्या, २०२७ पर्यंत पुरुषांचा सरासरी पगार ५,१९,००० डॉलर होईल असं ठरलं. 'सात वर्षं, सत्तर लाख' असं वाचलं की दरवर्षी दहा लाख असं धरू नका, कुठे आधी जास्त, कुठे शेवटी जास्त, क्लबच्या कॅपमध्ये ज्या वर्षी जागा असेल तिथे भर टाकतात. आणि लांब करार झाला म्हणून माणूस तिथेच राहील असंही नाही. ब्रोडी ग्रंडीने २०२० ला कॉलिंगवूडबरोबर सात वर्षांची सही केली, २०२२ अखेर तो मेलबर्नला, त्याच्या पुढच्या वर्षी सिडनीला. गंमत म्हणजे त्याच्या पगाराचा काही भाग कॉलिंगवूडच भरत राहिलं, म्हणजे लग्न मोडलं तरी हप्ते चालूच.

कॅपच्या बाहेरून पैसे सरकवण्याचे किस्से भरपूर. २००२ मध्ये कार्लटन पकडलं गेलं, नऊ लाख डॉलरच्या वर दंड झाला आणि वरचे पिक गेले. तो पहिला पिक गेला सेंट किल्डाकडे, त्यांनी घेतला ब्रेंडन गॉडर्ड, आणि हाच गॉडर्ड दहा वर्षांनी फ्री एजन्सीच्या पहिल्याच वर्षी एसेंडनला गेला. त्याच २०१२ ला कर्ट टिपेटचं प्रकरण फुटलं. ॲडलेडने त्याच्याशी गुपचूप लेखी ठरवलं होतं की करार संपला की तुला स्वस्तात सोडू, शिवाय बाहेरून पैशांची हमी. क्लबला तीन लाखांचा दंड, टिपेटला प्रत्यक्षात अकरा सामने बंदी, त्याच्या मॅनेजरची मान्यताही निलंबित. करार लीगकडे जमा करावा लागतो, आणि जे त्यात नाही ते दोघांमध्ये ठरलेलंच नाही असं समजायचं. खासगीतला शब्द देणारा मॅनेजर भेटला तर चहा पिऊन निघा.

हे घरच्या कामाचंही आहे. मेलबर्नच्या टार्नीट, पॉइंट कुक या बाजूला आपली पोरं आता ऑसकिकपासून, म्हणजे लहान मुलांच्या फुटबॉल वर्गापासून, खेळतात. क्लबांच्या नेक्स्ट जनरेशन ॲकॅडमी आहेत, त्यात ऑस्ट्रेलियाच्या आदिवासी मुलांबरोबरच आशिया-आफ्रिकेतून आलेल्या आईबापांची मुलंही बसतात. म्हणजे वडील नाशिकचे आणि पोरगं क्लबच्या हद्दीत वाढलेलं, तर विचारून बघायला काय जातंय. २०२० चा नंबर एक पिक जमारा युगल-हेगन असाच आला, ॲडलेडने ड्राफ्टमध्ये त्याचं नाव घेतलं, याला बोली म्हणतात, पण तो ज्यांच्या ॲकॅडमीतला त्या बुलडॉग्सनी ती मॅच करून त्याला घेतलं. नंतर नियम बरेचदा बदललेत, त्यामुळे चालू वर्षाचे नियम क्लबलाच विचारा.

आणि पोरगं किंवा पोरगी खरंच चांगली निघाली तर कोणीतरी मॅनेजर घरी येईल, गोड बोलेल. पहिला प्रश्न, खेळाडू संघटनेची मान्यता आहे का? नसेल तर विषय संपला, मग तो कितीही ओळखीचा असो. मग टक्केवारी विचारा, खेळाच्या पगारावर किती आणि जाहिरातींवर किती, हे दोन आकडे वेगळे लिहून घ्या. करार मोडायचा असेल तर किती दिवसांची नोटीस, हेही. त्याच्याकडे किती खेळाडू आहेत, आणि फोन तो स्वतः उचलणार की ऑफिसातलं कोणी? एकच मॅनेजर एकाच क्लबमधल्या पाच-सहा जणांचं काम बघत असेल तर लिस्ट मॅनेजरसमोर तो कोणासाठी किती ताणणार, हे सरळ तोंडावर विचारा, राग आला तर येऊ दे. मुलगी असेल तर अजून एक, महिलांच्या लीगमध्ये पगार वाढतायत पण पुरुषांच्या जवळपासही नाहीत, तेव्हा शिक्षण किंवा नोकरी सांभाळून खेळायचं कसं याचं उत्तर त्याच्याकडे आहे का ते बघा. आणि सही त्याच बैठकीत करू नका, कागद घरी ठेवून घ्या.